आबांची दुसरी पंगत

पाहुण्याने पहिला घास तोंडात घातला की आबा स्वतःचा हात ताटावर थांबवत आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहत. पाहुणा चावायचा, गिळायचा. मग आबा विचारत, "काय म्हणतं?"

प्रश्न पाहुण्याला असे, चौकशी मात्र घासाची असे. वांगे काय म्हणते, भाकरी काय म्हणते, ठेचा काय म्हणतो. उत्तर काहीही आले तरी आबा मान डोलावत आणि मगच आपला पहिला घास घेत. अशा नजरेखाली जेवणे सोपे नसते. तुम्हीही कोणाच्या तरी घरी असे जेवला असाल आणि नको असलेली तिसरी भाकरी संपवून घरी आला असाल. मी आबांच्या घरी अशा बऱ्याच भाकऱ्या संपवल्या आहेत.

आमची ओळख कामावरची. मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक, ते तिथेच जाहिरात विभागात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुकानांची उद्‌घाटने, श्रद्धांजल्या असा मजकूर त्यांच्या टेबलावरून जाई. पुढे शहरातल्याच मेहरूणमध्ये घर घेतले तेव्हा कळले की ते दोन घरे सोडून राहतात. तेव्हापासून माझ्या रविवारांवर त्यांचा हक्क सुरू झाला.

आबा माणसे खाण्यावरून लक्षात ठेवत. कार्यालयात कोणी एखाद्या व्यापाऱ्याचे नाव घेतले की ते डोळे मिटून आठवत. "अमळनेरचे ते? शेवभाजीत रस्सा जास्त, कांदा नको." जिल्हा प्रतिनिधीचे पूर्ण नाव त्यांना येत नसे. त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर कच्चे तेल लागते, हे पक्के ठाऊक असे. माझ्या पत्नीला भरितात शेंगदाणे आवडत नाहीत, हे त्यांनी आमच्या दुसऱ्याच भेटीत हेरले होते. तिने ते कधीही बोलून दाखवले नव्हते. तिने बाजूला सारलेले दाणे त्यांनी पाहिले होते.

हे सगळे जेवण रांधणारी आणि वाढणारी व्यक्ती एकच, आबांच्या पत्नी. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणत असे. अक्का ठेंगण्या, चपळ आणि कमी बोलणाऱ्या होत्या. बोलल्या की मात्र समोरच्याला उत्तर सुचायला वेळ लागे. आम्ही जेवत असताना त्या स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये असत. कधी भाकरी घेऊन येत, कधी वाटी घेऊन जात. "तुम्हीही बसा ना," असे कोणीतरी दरवेळी म्हणे. "जेवा तुम्ही. मी मागून," असे अक्का दरवेळी म्हणत. हा संवाद पार पडल्याशिवाय त्या घरात जेवण सुरू झाल्यासारखे वाटत नसे.

जेवण झाले की आबा पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जात. फाटकापाशी गप्पा नव्याने सुरू होत. ते घरात परत येईपर्यंत अक्कांचे जेवण उरकलेले असे आणि भांडी पालथी पडलेली असत.

हे असे किती वर्षे चालले, हे मोजण्याचे कारण आबांना पडले नव्हते. ते धुळ्यात पडले.

त्यांची मुलगी धुळ्याला शिक्षिका आहे. घरात तिला ताई म्हणतात. आबा निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात दोघे तिच्याकडे गेले आणि तिथे अक्कांना ताप आला. दवाखान्यात ठेवावे लागले. ताप उतरला, पण खाणे काही केल्या होईना. ताई शाळेत गेलेली असताना डॉक्टर फेरीला आले आणि आबांना म्हणाले, "यांना जे आवडतं ते आणा घरून. आवडीचं असलं की माणूस दोन घास खातो. काय आवडतं यांना?"

आबा मला हे नंतर सांगत होते तेव्हा आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. ते म्हणाले, "मी तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. अहो, मला त्या डॉक्टरला काय आवडतं ते सांगता आलं असतं. त्याच्या शर्टावर शेवेचा चुरा होता."

"मग काय सांगितलंत?"

"सगळं आवडतं म्हणालो. तो हसला. म्हणाला, सगळं आवडणारा पेशंट मी अजून पाहिला नाही."

"अक्कांनाच विचारायचं."

"विचारलं ना. म्हणते, मला काही पण चालतं." आबा माझ्याकडे वळले. "काही पण चालतं हे पाहुणे म्हणतात हो. घरचं माणूस म्हणतं का?"

अक्का बऱ्या होऊन मेहरूणला परतल्या, तरी आबांचा तो प्रश्न बरा झाला नाही. त्यांनी अक्कांना जेवताना पाहिलेच नव्हते. पाहुणे नसतानाही त्या मागूनच बसत आणि आबा तोवर फाटकावर गेलेले असत. पाहिल्याशिवाय त्यांना माणूस कळत नसे. अक्कांना कोणता पदार्थ आवडतो हे आपल्या डोळ्यांनी बघायचे, एवढेच त्यांनी ठरवले. हे ऐकायला सोपे वाटेल. त्यांनी सोपे उपाय करून पाहिले. "आज दोघं बरोबर बसू" म्हणाले, तेव्हा अक्का भाकरी तव्यावर असल्याचे सांगून उठल्या. भाकऱ्या आधी करून ठेवायला सांगितल्या, तर "गार भाकरी कोण खाणार?" हा प्रश्न आला. हॉटेलात नेले. तिथे त्या वेटरच्या हातून भात घेऊन आबांना वाढू लागल्या.

तोडगा निघाला तो ताईच्या लोणच्याच्या बरणीतून.

ताईच्या लग्नात कोणीतरी एक खोके दिले होते. त्यात जाड बुडाचे लाल भांडे, ते ठेवायचा तीन पायांचा स्टँड, खाली लावायचा स्पिरिटचा दिवा आणि सहा लांब काटे होते. प्रत्येक काट्याच्या टोकाला वेगळा रंग. हे काय आहे, ते सासरी-माहेरी कोणालाच कळले नाही. ताईने भांडे माळ्यावर टाकले आणि काटे लोणच्याच्या बरणीत घातले, कारण तळातली फोड काढायला ते बरे पडत. धुळ्याच्या त्या मुक्कामात आबांनी विचारले की हे काटे एवढे लांब का. ताईने मोबाइलवर शोधून व्हिडिओ दाखवला. वितळलेल्या चीजचे एक भांडे मधोमध, भोवती माणसे, प्रत्येकाच्या हातात काटा, काट्याला पावाचा तुकडा. याला फाँड्यू म्हणतात, असे ताईने सांगितले.

सोपे उपाय फसल्यावर आबांना तो व्हिडिओ आठवला आणि ते खोके ते धुळ्याहून मेहरूणला घेऊन आले. एका संध्याकाळी मला बोलावून त्यांनी तोच व्हिडिओ दाखवला.

"बघा नीट. काय दिसतं?"

"चीज."

"पेपरवाल्यांचं हेच. उभं कोण आहे ते बघा."

मी पुन्हा पाहिले. उभे कोणीच नव्हते.

"वाढणारं कोणी नाही यात," आबा म्हणाले. "भांडं मध्ये. ज्यानं त्यानं आपलं बुडवायचं. उठलं तर चीज गार होतं, म्हणून कोणी उठत नाही. यात मागून बसणं नाहीच. आहे का?"

नव्हते. त्या पदार्थात दुसरी पंगत शक्य नव्हती. एवढ्याचसाठी जळगावात राहणारा, चीज म्हणजे मुलांच्या डब्यातला चौकोनी तुकडा एवढेच जाणणारा माणूस फाँड्यू करायला निघाला होता. पुढच्या सगळ्या घटना तुम्ही हे लक्षात ठेवून वाचाव्यात.

स्टँडचा एक पाय मोडला होता. तो गल्लीच्या टोकाला ग्रील आणि फाटकांचे काम करणाऱ्या चाचांनी जोडून दिला. चाचा आबांच्याच वयाचे, आबांच्या घराचे फाटकही चाचांच्याच हातचे. काम बघून ते म्हणाले, "आबा, एवढ्याशा चुलीवर काय शिजणार?" आबांनी त्यांना तिथेच रविवारचे आमंत्रण दिले.

मग सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी आबांनी डब्यातले चौकोनी तुकडे वितळवले. तेल वर आले आणि खाली पिवळा गोळा उरला. दुसऱ्या वेळी पिझ्झाच्या दुकानातून ताणले जाणारे चीज आणले. काटा उचलला तशी तार निघाली. आबा उभे राहिले, तार तुटेना. ते स्टुलावर चढायच्या बेतात असताना अक्का दारात येऊन म्हणाल्या, "हे खायचं आहे का वाळत घालायचं?"

कृतीत पांढरी वाइन लिहिली होती. त्या घरात ती येण्याचा प्रश्न नव्हता. आबा मला म्हणाले की वाइनशिवाय आंबटपणा कुठून आणायचा. मी संपादकीय विभागातला माणूस, मी लिंबू सुचवले. अक्का ताक घुसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दह्यावरची निवळ घाला." निवळ घातली, कॉर्नफ्लोअर लावले, दोन्ही प्रकारचे चीज निम्मे निम्मे घेतले, आणि ते दाट, गुळगुळीत जमले. भांड्याला आतून लसूण घासून तो टाकून द्यायचा, असेही कृतीत होते. हे मात्र अक्कांना मान्य झाले नाही. "टाकून द्यायचा तर घासायचा कशाला? भांड्याची दृष्ट काढताय का?" त्यांनी लसूण ठेचला आणि आत टाकला.

आबा खूश होते. मी त्यांना हळूच विचारले, "अक्कांना तुमचा बेत माहीत आहे का?"

"माहीत झाला तर ती उपास धरेल," आबा म्हणाले.

रविवारी दुपारी आम्ही सहा जण होतो, कारण काटे सहा होते. आबा, अक्का, मी, माझी पत्नी, चाचा आणि अमळनेरजवळच्या गावाहून आलेले आबांचे चुलत भाऊ. त्यांना सगळे भाऊच म्हणत. भाऊ कापूस लावतात, हवेपासून हवामान खात्यापर्यंत कशावरही विश्वास ठेवत नाहीत. थंडीच्या दिवसांत आबांकडे बोलावणे म्हणजे भरीत, असे गृहीत धरून ते एसटीने आले होते. येताना घरची हिरवी वांगी घेऊन आले होते.

माझे घडीचे टेबल मधोमध मांडले होते. त्यावर लाल भांडे, खाली निळी ज्योत. भोवती ताटांमध्ये कणकेच्या तळलेल्या बट्टीचे तुकडे, पाव, परतलेल्या वांग्याच्या फोडी, केळ्याचे वेफर्स. पावापेक्षा बट्टी टिकेल हा शोध आबांचा. त्यांनी प्रत्येकासमोर एकेक काटा ठेवला. लाल टोकाचा अक्कांसाठी.

भाऊंनी भांड्यात डोकावून पाहिले. "हाई काय शे, आबा?"

"चीज."

"ते दिसनं. बाकीनं जेवण?"

"हेच जेवण. बठ्ठं आठेच शे," आबा म्हणाले. भाऊंशी बोलताना ते गावच्या बोलीत जात.

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी वेफर्सकडे पाहिले.

अक्का नेहमीप्रमाणे दारात उभ्या होत्या. "जेवा तुम्ही. मी मागून."

"यात मागून नसतं," आबा म्हणाले. हे वाक्य त्यांनी बरेच दिवस जपून ठेवले असावे. ते म्हणताना त्यांचा आवाज थोडा चढला. "गार झालं की संपलं. बस. सगळे तुझ्यासाठी थांबलेत."

सगळे थांबले होते हे खरे होते. अक्का आल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या, बस सुटायच्या आधी प्रवासी टेकतो तशा. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. कोणालाच काही सुचेना. पाणी कोणी आणायचे? मीठ कुठे असते? चाचांना पहिल्याच घासाला ठसका लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी अक्कांकडे पाहिले आणि पाहिल्याबद्दल ओशाळून दुसरीकडे बघू लागलो. शेवटी माझी पत्नी उठली आणि स्वयंपाकघरात तांब्या शोधू लागली. "मांडणीच्या खालच्या फळीवर," अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. त्यांचे पाय टेबलाखाली उठायच्या तयारीत होते.

"घे ना," आबा त्यांना म्हणाले.

अक्कांनी बट्टीचा तुकडा लाल काट्याला लावला, भांड्यात फिरवला, वर काढला. आबांचा हात ताटावर थांबला. त्यांची नजर अक्कांच्या चेहऱ्यावर. ती नजर मी ओळखत होतो. माझी पत्नी ओळखत होती, चाचा ओळखत होते. त्यामुळे आम्हीही बघू लागलो. पाच माणसे एका बाईच्या तोंडाकडे बघत होती.

अक्कांनी काटा ताटात ठेवला. "असं बघत बसल्यावर कोण खाईल?" त्या पुटपुटल्या.

एवढ्यात भाऊंनी मुद्दा काढला. मघापासून ते काट्यांची ये-जा पाहत होते. "म्हणजे, तोंडात घातलेला काटा पुन्हा भांड्यात?"

"हो."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

"उष्टं होत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. त्या व्हिडिओत त्याचे उत्तर नव्हते. चाचा हसले. "भाऊ, आमच्यात तर एका ताटात चार-चार जण बसतात. त्यानं मोहब्बत वाढते म्हणतात."

"वाढू द्या ना, चाचा. मोहब्बतीला मी नाही म्हणत नाही," भाऊ म्हणाले. "पण माझं मला ताटात द्या."

असे म्हणून त्यांनी बट्टीचे चार तुकडे ताटात घेतले. दोन्ही हातांनी कुस्करले. बारीक चुरा केला. मधोमध बोटांनी आळे केले. ज्या माणसाने जन्मभर वरण-बट्टी खाल्ली आहे, तो समोर दाट, गरम, पिवळे काही दिसले की हेच करणार. मग त्यांनी ताट पुढे धरले आणि म्हणाले, "ओता."

मी आबांकडे पाहिले. त्यांना धोका कळला होता. ते म्हणाले, "ओतायचं नसतं, बुडवायचं." पण त्या वेळेपर्यंत चाचांनीही बट्टी कुस्करली होती. माझ्या पत्नीनेही. मीसुद्धा कुस्करत होतो, हे मला हाताकडे पाहिल्यावर समजले. आणि ओतायचे म्हटले की कोणीतरी ओतणारे लागते. अक्का केव्हाच उठल्या होत्या. आतून पळी आली. त्यांचा पदर कमरेला खोचला गेला, चेहरा मोकळा झाला.

"भाऊ, अजून?"

"येऊ द्या."

"चाचा, लाजू नका."

लाल टोकाचा काटा बट्टीच्या तुकड्यासकट ताटात पडून राहिला. ज्या पदार्थात वाढणारे कोणी नसते, तो पदार्थ अक्कांनी पाच जणांना तीन फेऱ्यांत वाढला.

ओतलेले चीज गार झाले की काय होते, हे आम्हाला लवकरच कळले. आळ्यातले चीज बट्टीला धरून बसले. भाऊंनी घास उचलला तर सगळे जेवण एकत्र उचलले गेले आणि त्याबरोबर ताटाची कडही थोडी वर आली. त्यांनी ताट उलटे केले असते तरी काही सांडले नसते. भाऊंनी ते भाकरीसारखे हातात धरून खाल्ले आणि शेवटपर्यंत संपवले. "पोटाले बरं शे," एवढाच अभिप्राय दिला. आबांनी त्या दिवशी कोणालाही "काय म्हणतं?" असे विचारले नाही.

भाऊंना चार वाजताची बस होती. चाचा त्यांना स्कूटरवर सोडायला निघाले. माझी पत्नीही घरी गेली. मी टेबलाची घडी घालायला थांबलो. फाटकापर्यंत जायचे आबांना त्या दिवशी सुचले नाही. ते माझ्यासमोर बसून राहिले आणि लाल काटा उचलून त्यावरचा सुकलेला तुकडा बघत राहिले.

"एक घास तरी बघायला मिळायला हवा होता," ते म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. खर्र, खर्र. लोखंडावर लोखंड घासल्याचा. आबा उठले आणि दारापाशी गेले. मी त्यांच्या मागे.

अक्का जमिनीवर बसल्या होत्या. पाठ भिंतीला टेकलेली, पाय लांब पसरलेले, लाल भांडे मांडीवर. उलथन्याने त्या भांड्याचा तळ खरवडत होत्या. तळाला चीजची तांबूस, कडक पापडी धरली होती. तिची एक कड त्यांनी सोडवली, तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि डोळे मिटून खाल्ला. मग बोटे चाटली. ज्या बाईला मी कधी निवांत बसलेलेही पाहिले नव्हते, ती आत्ता एखाद्या संस्थानिकासारखी जेवत होती.

"हे काय खातेस?" आबांनी विचारले.

अक्कांनी डोळे उघडले. दचकल्या नाहीत. "खरवड."

"जळकं कशाला खातेस? सांगितलं असतंस तर तुझ्यासाठी वेगळं..."

"जळकं?" अक्का म्हणाल्या. "अहो, यात एवढंच तर खाण्यासारखं आहे. वरचं ते सगळं पाहुण्यांसाठी."

आबा दारातच उभे होते. अक्का पुढचा तुकडा सोडवत बोलत राहिल्या, इतके बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकले नव्हते. खिचडीची खरवड, दुधाची खरवड, पिठल्याची तर सगळ्यात वरची. मागून बसले की ती आपोआप आपली. कोणी मागत नाही, कोणी बघत नाही, अजून घ्या म्हणत नाही. पाय पसरता येतात. "तुम्हाला वाटतं मी बिचारी मागून जेवते. मी बिचारी नाही. पुढं बसून तुमचा आग्रह सोसतात ते बिचारे."

मी मनातल्या मनात माझ्या तिसऱ्या भाकऱ्या आठवल्या आणि त्यांच्याशी सहमत झालो.

आबा खाली बसले. वयाप्रमाणे, गुडघ्यांवर हात टेकून, हळूहळू. "मला दे थोडी."

अक्कांनी भांडे जरासे आपल्याकडे ओढले. मग नखाएवढा तुकडा दिला. आबांनी तो तोंडात घातला. मी माझे टेबल उचलले आणि निघालो. मला सोडायला फाटकापर्यंत कोणी आले नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी ताईला फोन करून ही बातमी दिली. ती म्हणाली, "बाबा, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आम्ही दोघी मिळून खायचो. तुम्ही फाटकावर असायचात."

त्यानंतर आबांच्या घरच्या जेवणात बदल झाला. गल्लीला तो लगेच जाणवला. ते पाहुण्यांबरोबर बसेनासे झाले. "तुम्ही घ्या. माझं मागून," म्हणत. वाढू लागले. वाढताना सांडत, पण वाढत. आग्रह कमी झाला. घासाकडे बघणे कमी झाले. उलट जेवण संपत आले की ते घड्याळाकडे बघू लागले. कोणी विड्याची वाट बघत बसला तर विचारत, "तुम्हाला उशीर होत नाही ना?" भाऊंनी एकदा माझ्याकडे तक्रार केली, "आबा पहिलेसारखा राहिना नही." चाचांचे म्हणणे होते की निवृत्तीनंतर माणसाला एकटेपणा आवडू लागतो. मला कारण माहीत होते, पण ते छापण्यासारखे नव्हते. पाहुण्यांच्या मागे दार लागले की आतून उलथन्याचा आवाज सुरू होई आणि मग दोन माणसांचे हसणे. आपण त्या हसण्याचा विषय असू, अशी मला शंका होती.

हे दोन हिवाळे चालले. मग आबा गेले, एका सकाळी, चहाच्या आधी. ज्या टेबलावरून त्यांनी इतरांच्या श्रद्धांजल्या पाठवल्या, तिथूनच त्यांचीही आली. मजकूर नेहमीच्या साच्यात होता. मी त्यात बदल केला नाही. अक्का धुळ्याला ताईकडे राहायला गेल्या. लाल भांडे त्यांच्याबरोबर गेले.

या हिवाळ्यात कामासाठी धुळ्याला गेलो होतो. ताईचा फोन आला, दुपारी जेवायलाच या. घरी गेलो तर टेबलावर तेच भांडे, तीच निळी ज्योत. ताईच्या घरात आता ते महिन्यातून एकदा होते. ती, तिचे यजमान आणि त्यांचे शेजारी टेबलाभोवती बसले. मी खुर्ची ओढली.

"तुम्ही नका बसू आत्ता," अक्का आतून म्हणाल्या. "तुम्ही मागून बसा."

ताईने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचत बसलो. भूक लागली होती आणि चीजचा वास येत होता. सगळे जेवून उठले, शेजारी गेले, ताईने ज्योत विझवली. मग अक्कांनी भांडे उचलले आणि मला आत बोलावले.

आम्ही फरशीवर बसलो. अक्कांनी पाठ भिंतीला टेकली, पाय पसरले, उलथने हातात घेतले. केस सगळे पांढरे झाले होते, हाताची पकड तीच होती. खरवडता खरवडता त्यांनी आत्ताच गेलेल्या शेजाऱ्यांची नक्कल केली. बाई बट्टी कशी भीत भीत बुडवतात, त्यांचे यजमान "बस, बस" म्हणत कसे ताट पुढे करतात. नक्कल हुबेहूब होती. मी हसलो. मग मला विचारावेसे वाटले.

"आणि माझं काय बोलायचात तुम्ही दोघं?"

"तुमचं?" अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिले, सांगावे की नाही याचा अंदाज घेतल्यासारखे. "तिसरी भाकरी टाकली की तुम्ही आधी पाण्याचा पेला उचलायचात. ते म्हणायचे, बघ, याला नको आहे, पण खाणार. मी म्हणायचे, मग वाढता कशाला? ते म्हणायचे, नाही म्हणायला शिकेल कधीतरी." त्या हसल्या. "शेवटपर्यंत शिकला नाहीत. आम्ही पैज लावायचो."

"पैज? कशाची?"

"कशाची म्हणजे? याची." त्यांनी उलथन्याने भांड्याच्या तळावर वाजवले. "तुमच्या जिवावर मी बऱ्याचदा जिंकले."

मग त्या बोलायच्या थांबल्या. पापडीची कड सर्व बाजूंनी सुटत आली होती. त्यांनी उलथने खाली सरकवले, मनगट वळवले आणि ती अखंड, ताटलीएवढी वर आली. उजेडात धरून त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली. आतल्या खोलीत ताईचा आवाज येत होता, बाहेर एक रिक्षा थांबली होती. अक्कांनी पापडी मोडली. दोन तुकडे सारखे झाले नाहीत. त्यांनी दोन्ही माझ्यासमोर धरले, मी लहान तुकड्याकडे हात नेतो का ते पाहिले, आणि मी नेला तेव्हा मोठा स्वतःच्या ताटात ठेवला.